धुकं, कदाचित दाट

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
ठकूचा सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, झोपले आणि कामालाही लागले. आईला फोन केला, तुला मात्र पत्र लिहितेय. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून घसा फोडायचा आणि तू तिकडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मागे मी नोकरी लागली म्हणून सांगितलं, तर तू विचारलंस, टोपली कशाला? तेव्हा आपली पत्रंच बरी.

बंदराच्या कचेरीत सगळ्यात वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. खोली कसली, एका मोठ्या खिडकीला मागून तीन भिंती जोडल्यात झालं. खाली धक्का, धक्क्याला बांधलेल्या होड्या, पुढे पाणी. पाण्यापलीकडे काय आहे ते मला अजून एकदाही नीट दिसलेलं नाही. कधी वाटतं टेकडी आहे, कधी वाटतं ढगच बसलाय. रोज दुपारी चारला हवामान खात्याचा इंग्रजी कागद यंत्रातून सरसरत बाहेर येतो. मी त्याचं आपल्या भाषेत करायचं, कर्ण्यावरून वाचायचं आणि खाली जाऊन फळ्यावर खडूने लिहायचं. मग होडीवाले ठरवतात, पहाटे निघायचं की नाही.

हे काम सव्वीस वर्षं ज्यांनी केलं ते महिनाअखेर निवृत्त होतायत. त्यांना सगळे फळेवाले काका म्हणतात. अक्षर असं की पुसायला जीव होत नाही. पण आत्या, एक गोष्ट मला खटकली. परवा कागदावर धुक्याचा उल्लेख होता आणि त्यापुढे एक शब्द होता, परहॅप्स. मग दाट. काकांनी फळ्यावर लिहिलं, पहाटे दाट धुकं. मी म्हटलं, मधला शब्द राहिला. ते म्हणाले, तो फळ्यावर मावत नाही. काल तोच शब्द पुन्हा आला, तर त्यांनी धुक्याची ओळच लिहिली नाही. म्हणजे मनात आलं तर ठेवायचं, मनात आलं तर गाळायचं. मी विचारलं तर म्हणाले, लोकांना हो किंवा नाही लागतं पोरी, मधलं कुणाला नको असतं.

तू एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. सांग ना, या शब्दाचं मी काय करू?

राहायला जाळीवाल्या मावशींकडे आहे. त्या फाटकी जाळी विणून देतात. त्यांच्या नवऱ्याची होडी आहे. ते इतके उंच की गावाने त्यांचं नाव बांबू ठेवलंय. दारातून वाकून आत येतात आणि जेवण होईपर्यंत सरळ व्हायचं विसरतात.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ठकू


९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
आत्याचे अ. आ.

पत्र मिळालं. टोपलीची गोष्ट तू जन्मभर काढणार, हे मी धरून चाललेय.

तुझ्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. खाली चपला शिवणारा माणूस सोडला तर हल्ली मला कुणी काही विचारत नाही, आणि तो विचारतो तेही मापाचंच. तर ऐक. परहॅप्समधला हॅप म्हणजे योग, नशिबाने समोर येईल ते. हॅपन म्हणजे घडणं, ते त्याच हॅपचं पोर, आणि हॅपी म्हणजे सुखी, तेही त्याचंच. घडणं, सुखी असणं आणि कोण जाणे, ही तिन्ही एका घरची भावंडं आहेत. मला वर्गात हे सांगताना दर वर्षी नव्याने गंमत वाटायची. मुली मात्र घंटेकडे कान लावून बसायच्या.

आता वापराचं. प्रॉबेबली म्हणजे बहुधा. त्यात माणसाने पाय पुढे टाकलेला असतो. परहॅप्समध्ये तो उंबऱ्यावर उभा असतो, आत की बाहेर ते सांगत नाही. मे बी हे त्याचंच घरातलं नाव. आणि शब्द कुठे ठेवला यावर सगळं आहे. धुकं, कदाचित दाट, असं म्हटलंस तर धुकं येणार हे ठरलेलं, दाट की विरळ ते ठाऊक नाही. कदाचित धुकं, असं म्हटलंस तर त्याचं येणंच अधांतरी. तुमच्या काकांनी दोन्ही एकाच फडक्याने पुसली. आपल्याकडे तर निराळा शब्दही लागत नाही. येईल म्हण, मग येईलही म्हण. शेवटी एक 'ही' चिकटला आणि सगळा भरवसा हलला.

घरातलं उदाहरण हवं तर तुझी आई बघू म्हणाली की समजायचं नाही. तुझा बाबा बघू म्हणायचा तेव्हा हो असायचं. त्या दोन बघूंच्या मधे तू लहानाची मोठी झालीस, तुला मी काय शिकवणार?

तो शब्द गाळू मात्र नकोस. ज्याने लिहिला त्याने विचार करून लिहिलाय. त्याला नक्की ठाऊक नाही, आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगतोय. आपण मधल्यांनी त्याच्यापेक्षा शहाणं होऊ नये. मी हे इतकं ठासून का सांगतेय ते विचारू नकोस.

गुडघा तसाच आहे. तेल लावते, कधीकधी. जेवणाची हयगय करू नकोस आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


१६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि माझं बारसं झालं. आता मला धक्क्यावर कदाचितबाई म्हणतात.

पहिल्या दिवशी कर्ण्यावरून म्हणाले, पहाटे धुकं, कदाचित दाट. खाली सगळे मान वर करून खिडकीकडे बघायला लागले, जणू मी शिंकले होते. एकाने ओरडून विचारलं, म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, म्हणजे नक्की नाही. जो हशा पिकला! रात्री जेवताना बांबूकाकांनी मावशींना विचारलं, आमटी कदाचित गरम आहे का? मावशी म्हणाल्या, आमटी गरम आहे, डोकं कदाचित फिरलंय. फळेवाले काका हसले नाहीत. फक्त म्हणाले, बघ बाई, शब्द तुझा, फळाही आता तुझा.

पण आत्या, धुकं काय असतं ते मला इथे येऊन कळलं. आपल्याकडे ते झाडांत अडकतं आणि ऊन आलं की निघून जातं. इथे ते पाण्यावरून चालत येतं. आधी समोरची टेकडी की ढग, जे काय असेल ते जातं. मग दूरच्या खुणेचा खांब जातो. मग होड्या एकेक करून पुसट होतात, आणि शेवटी फक्त आवाज उरतात. वल्ह्याचा आवाज, कुणाच्या तरी खोकल्याचा, दोर लाकडावर घासल्याचा. माझी खोली त्यावर तरंगत असते. मी हात खिडकीबाहेर काढते तर बोटं ओली होतात. काल तर वाटलं की आता हाक मारली तर कुणीही ओ देईल, अगदी बाबासुद्धा. हसू नकोस. मी वाट बघत थोडा वेळ उभी राहिले होते खरी.

नऊ वर्षांची होते मी. त्याचा आवाज मला आठवतो असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे आता खात्री नाही.

थंडी वाढलीय. तुझी जाड शाल काढ. आठवण ठेव, ठेवतेसच म्हणा.

तुझी कदाचितबाई


२१ नोव्हेंबर

आत्या,

आज मायना लिहायला सुचत नाही, क्षमा कर.

परवा कागदावर होतं, पहाटे धुकं, परहॅप्स. मी तसंच वाचलं, कदाचित धुकं. संध्याकाळी बांबूकाका म्हणाले, कदाचितबाईंचं धुकं आठ दिवसांत तीनदा आलं नाही, चौथ्यांदाही येणार नाही. काल पहाटे तीन होड्या निघाल्या. ऊन वर यायच्या आत धुकं उतरलं. असं मी बघितलं नव्हतं. खिडकीची चौकट दिसेना. दोन होड्या भोंग्याच्या आवाजावर चाचपडत परत आल्या. बांबूकाका आले नाहीत.

आज दुसरा दिवस. शोधायला जाणारे जातात आणि धुक्याच्या भिंतीला हात लावून परत येतात. मावशी अंगणात बसून जाळं विणतायत. मी जवळ गेले, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, तू धुकं येणार म्हणाली असतीस तर तो घरी बसला असता. फळेवाल्यांचं ऐकून तो सव्वीस वर्षं घरी बसत आला होता. बस, इतकंच. सुई चालूच ठेवली.

तू म्हणाली होतीस, गाळू नकोस. तुझं वाक्य मी रोज मनात घोकून कर्ण्यासमोर उभी राहायचे. व्याकरण बरोबर होतं आत्या. पण त्या व्याकरणाने एक माणूस पाण्यावर गेला. एक शब्द गाळला असता तर काय बिघडलं असतं? कुणाचं काय गेलं असतं?

मला उत्तर दे. आणि शिकवल्यासारखं देऊ नकोस.

ठकू


२४ नोव्हेंबर

चि. ठकूस,

पत्र दुपारी आलं. तेव्हापासून तशीच बसून आहे. तुझे बांबूकाका सुखरूप परतले असतील, पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत ते दारातून वाकून आत आले असतील, असं मी मनाशी म्हणतेय.

शब्द गाळला तर काय बिघडतं, असं विचारलंस. सांगते. अठरा वर्षं सांगितलं नाही.

तुझ्या बाबाच्या शेवटच्या आजारात मोठ्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं. इंग्रजीत. वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, इंग्रजी येत नव्हतं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर उभी राहिली. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे. हा माणूस, परहॅप्स, हिवाळा काढेल. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम होते, ठकू. लिहिणारा त्या जागी थांबला होता. मी थांबले नाही. वहिनीचं तोंड बघितलं आणि वाचलं, हिवाळा काढेल. ती मटकन खाली बसली आणि रडली, पण ते सुटल्याचं रडणं होतं. मला वाटलं, केवढं पुण्य केलं मी.

त्याच आठवड्यात वहिनीच्या बहिणीचं, तुझ्या मावशीचं, बाळंतपण आलं. तिच्याजवळ कुणी नव्हतं. वहिनीने मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, जा, हिवाळा संपायला अजून दोन महिने आहेत. ती तुला घेऊन गेली. आठव्या दिवशी तो गेला. निरोप पोचून तुम्ही घरी आलात तेव्हा सगळं उरकलं होतं.

तिने मला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही. लावणार कसा? तिला ठाऊकच नव्हतं की पत्रात आणखी एक शब्द होता. तिने डॉक्टरांना नावं ठेवली. आणि मी, जिने हजार मुलींना खाडाखोड करू नका म्हणून शिकवलं, गप्प राहिले.

म्हणून म्हणाले होते, गाळू नकोस. तो सल्ला बरोबर होता की नाही हे आज मला सांगता येत नाही. मी गाळला आणि तुझा निरोप हुकला. तू ठेवलास आणि एक माणूस पाण्यावर आहे. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

राग येईल. येऊ दे. पण तिकडची खबर मात्र कळव, एक ओळ का होईना.

आत्या


२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
घाईघाईत सा. न. वि. वि.

आले! बांबूकाका आले!

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण तू काळजीत असशील म्हणून लिहितेय. काल दुपारी धुकं जरा फाटलं आणि शोधायला गेलेल्यांना त्यांची होडी एका वाळूच्या उंचवट्याजवळ नांगर टाकून उभी दिसली. धुकं पडल्यावर ते पुढे गेलेच नाहीत. तिथेच थांबले आणि भोंगा वाजवत राहिले, पण वारा उलटा होता. उजव्या हाताची दोन बोटं नांगराच्या दोरात चिरडलीत. डॉक्टर म्हणतात, एक वाचेल. अंगात ताप आहे. पण दारातून वाकून आत आले आत्या, आणि या वेळी सरळ न होता तसेच मावशींच्या खांद्यावर पडले.

आता खरी गोष्ट ऐक. त्यांच्याकडे पाण्याचा डबा एकच असतो. साडेतीन दिवस पुरला कसा? तर फळीखाली आणखी एक डबा निघाला, एक घोंगडी आणि पावाचा लांबलचक तुकडा. त्यांनी ठेवलाच नव्हता. मावशींनी ठेवला होता, ते झोपलेले असताना, गुपचूप, हसतील म्हणून. आज जाळं विणताना त्यांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, त्याने तुझं कदाचित ऐकलं ते येणार नाही असं. मी ऐकलं ते येईलही असं. एकाच कर्ण्यातून आलं, पण एका घरात दोन प्रकारे शिरलं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, परवा बोलले ते मनात ठेवू नकोस, आणि ठेवलंस तरी माझी तक्रार नाही.

मी खूप रडले. सविस्तर नंतर. माझ्या मागच्या पत्राचा राग धरू नकोस.

तुझी ठकू


३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला पंचवीसला संध्याकाळी मिळालं. वाचलं, घडी घातली, कपड्यांच्या तळाशी ठेवलं. आठ दिवस काढलं नाही. उत्तराला उशीर झाला तो टपालामुळे नाही.

रागावले होते. अजून आहे, थोडी. शाळेत असताना मी किती वेळा तुझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारलंय, बाबाने थांबायला नको होतं का? तू दर वेळी माझ्या केसांतून हात फिरवलास आणि काही बोलली नाहीस. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस, तुझ्या तोंडाने, आणि लवकर. तिला मोठ्याने बोलायला सांगते.

काम चालू आहे. फळेवाले काका परवा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी विचारलं, तुम्ही ठेवायचं की गाळायचं हे कशावरून ठरवत होतात? म्हणाले, पहिल्या वर्षी एकदा चुकलो, तेव्हापासून भीतीवरून. मी आता शब्द ठेवते आणि त्याच्यापुढे कामाचं बोलते. पहाटे कदाचित धुकं, जाणाऱ्यांनी पाणी जास्तीचं घ्यावं, भोंगा तपासून घ्यावा. अजून हसतात. पण परवा बघितलं, चार होड्यांत दोन-दोन डबे होते.

मी काल अंथरुणात पडल्या पडल्या एक विचार केला. इतकी वर्षं मी त्या आठ दिवसांचा विचार एकाच बाजूने केला, की मी तिथे नव्हते. पण तू होतीस. आठही दिवस. तुला कुणी कधी विचारलं नाही, कारण आम्हाला वाटायचं, तो अचानक गेला, विचारण्यासारखं काय असणार? आता मी विचारते. तो काय बोलायचा? काय खायचा? माझी आठवण काढायचा का? मला ते आठ दिवस हवेत आत्या. गोड करून नकोत. जसे होते तसे.

तुझ्या पत्राची वाट बघतेय. रागावलेली असले तरी तुझीच आहे.

ठकू


८ डिसेंबर

चि. ठकूस,
तुझ्या आत्याचे अ. आ.

वहिनीला रविवारी सांगितलं. तिने उठून चहा केला, माझ्या कपात साखर घालायला विसरली, आणि तो मी तसाच प्याले. जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी येते. येईल असं वाटतं.

आता ते आठ दिवस. मला सगळे सलग आठवत नाहीत. ते एकमेकांत मिसळलेत, आणि तो स्वतः तर झोप आणि जाग यांच्या मधेच कुठेतरी राहायचा.

त्याने पलंग खिडकीशी सरकवून घेतला. मी आणि शेजारचा सुतार, दोघांनी मिळून सरकवला. जमिनीवर ओरखडे पडले, ते अजून आहेत. पेज घ्यायचा, दोन चमचे, तेही मी रागावले तर. एकदा दूध मागितलं आणि कप नुसता हातात धरून बसला, ऊब लागावी म्हणून. एकदा चिडला माझ्यावर, खूप, पाण्याचा पेला फेकला, आणि मग लहान मुलासारखा ओशाळला. गोड करून नको म्हणालीस म्हणून हेही लिहितेय. एका सकाळी त्याला मी ओळखू आले नाही. मला आमची आई समजला आणि शाळेत जायचं नाही म्हणून हट्ट धरून बसला. मी म्हटलं, बरं, आज नको जाऊस.

तुझी आठवण? बाकीचं काय करत होता असं विचार. तो जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत बसला, तुला माहीत आहे. तेव्हाही तेच करायचा. पांघरूण गुडघ्यांवर घेऊन बोटाने त्याच्यावर रस्ता काढायचा. ठकू आता इथे असेल, ही मावशीची गल्ली. इथे दुकान आहे, इथे ती हट्ट करणार. इथे वळण. रोज तुम्हाला थोडं थोडं घराकडे आणायचा. मी म्हणायचे, अरे त्या अजून निघाल्याही नसतील. तो म्हणायचा, निघाल्या असतील, तुला काय ठाऊक?

शेवटच्या दुपारी त्याचं बोट पुलापर्यंत आलं. पुलावर बराच वेळ थांबला, म्हणाला गर्दी आहे. मग बाजार, मग आपला चढ. चढावर दमला, मी त्याचा हात धरून तो पुढे नेला. पांघरुणाच्या काठाशी आलो तेव्हा म्हणाला, आल्या. इतकं साधं म्हणाला की मी खरंच दाराकडे बघितलं.

मी उठायला लागले, तुला हाक मारल्याचं सोंग तरी करावं म्हणून. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, उठवू नकोस तिला. आतल्या खोलीत झोपलीय. प्रवासाने दमली असेल. उठली की येईलच इकडे.

मी त्याला काही सांगितलं नाही. आतल्या खोलीत गेले. तुझी गादी गुंडाळून ठेवली होती, ती उलगडली. खिडकीचा पडदा ओढला, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. बाहेर आले आणि दार हळूच लोटून घेतलं, आवाज होऊ न देता. त्याने ते सगळं कान देऊन ऐकलं आणि मग डोळे मिटले.

जपून राहा, पोरी. आमच्याकडे येणं झालं तर ये.

तुझी आत्या